चहा की सहा? वयाबरोबर कमी होणाऱ्या ऐकण्याविषयी

समोरच्या काकूंनी गॅलरीतून नेहमीसारखी हाक दिली, "अण्णा, चहा झाला का?" अण्णांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सांगितलं, "न्हाई अजून. पाच मिनिटं हाईत." त्यांना ‘सहा झाले का’ असं ऐकू आलं होतं. काकू हसल्या, आम्हीही हसलो. अण्णा हसले नाहीत, कारण आपलं काय चुकलं हेच त्यांना कळलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ३५ वर्षं लेथवर उभे होते. आता ७४ वर्षांचे आहेत. गेली पाच-सहा वर्षं आमच्या घरातलं ठरलेलं भांडण एकच. आम्ही म्हणायचं, "तुम्हाला ऐकू येत नाही." त्यांनी म्हणायचं, "ऐकू येतंय की मला! तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलताय." दोघांचंही खरं होतं, हे मला त्यांच्या कानाची तपासणी झाल्यावर समजलं. त्या निमित्तानं डॉक्टरांकडून, ऑडिओलॉजिस्टकडून (म्हणजे ऐकणं मोजणाऱ्या तज्ज्ञाकडून) आणि वाचून जे कळत गेलं ते इथं मांडते आहे. घरात कुणी टीव्हीचा आवाज ४० वर ठेवून बसत असेल, तर उपयोगी पडेल.

आवाज पोचतो, अक्षर पोचत नाही

‘चहा’ आणि ‘सहा’ हे शब्द हळू म्हणून बघा. पुढचा ‘हा’ दोन्हीकडे तोच. सगळा फरक पहिल्या अक्षरात, ‘च’ आणि ‘स’मध्ये आहे. आणि म्हातारपणी आधी हरवतात ती नेमकी हीच अक्षरं.

आवाजाची पट्टी हर्ट्‌झमध्ये मोजतात. तरुण, निरोगी कान २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. आ, ओ, ऊ अशा स्वरांची बहुतेक ताकद १,००० हर्ट्‌झच्या खाली असते. ते जाड, भरदार, लांबवर जाणारे. स, श, च, फ ही व्यंजनं पातळ, फुसफुसणारी. त्यांची जागा २,०००च्या वर, आणि ‘स’ची तर ४,०००च्याही पुढे. बोलण्याला आवाज देतात स्वर, अर्थ देतात व्यंजनं. कानाला वरची पट्टी ऐकू येईनाशी झाली की माणसाला बोलणं चालू असल्याचं पक्कं कळतं. काय बोलणं चाललंय ते कळत नाही. पाट, ताट, खाट सगळं एकाच भावात. ‘ऐकू येतंय, पण तुम्ही पुटपुटताय’ ही म्हणूनच सबब नव्हे. त्यांच्या कानाला खरोखर तसंच येतं.

आता हे होतं कसं? कानाचा पडदा थरथरतो, त्यामागची तीन इवलीशी हाडं ती थरथर आत ढकलतात. आत गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवानं भरलेली नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात प्रत्येक कानात साधारण १५,००० केसपेशी रांगेनं मांडलेल्या असतात. भजनी मंडळातली पेटी डोळ्यांसमोर आणा. पेटीच्या पट्ट्यांसारखं इथंही प्रत्येक जागेचं काम ठरलेलं आहे: नळीच्या तोंडाशी उंच स्वर, आतल्या टोकाशी खर्ज. वयाबरोबर पहिल्यांदा जातात त्या तोंडाशी असलेल्या पेशी, म्हणजे पेटीच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या. भाता चालतोय, खर्ज घुमतोय, पण वरचं सप्तक मुकं.

माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे वयानं गेलेलं ऐकणं कुठल्याही तेलानं, थेंबानं किंवा गोळीनं परत येत नाही. रविवारच्या पुरवणीत तशी जाहिरात दिसली तर पान उलटावं.

दुसरी अडचण कानाच्या पलीकडची. चार आवाजांतून एक वेचून काढायचं काम मेंदूचं आणि तेही वयाबरोबर मंदावतं. म्हणून माडीवर दोघंच बसल्यावर अण्णांशी गप्पा छान व्हायच्या आणि लग्नाच्या पंगतीत ते नुसती मान डोलवायचे. लोक म्हणायचे, "म्हाताऱ्याला सोयीचं तेवढंच ऐकू येतं." हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. सोयीचं नव्हे, शांततेत बोललेलं तेवढं ऐकू येत होतं.

‘जरा मोठ्यानं बोल’ आणि लगेच ‘ओरडतीस कशाला?’

हा संवाद घरोघरी होतो आणि चिडचिड त्यानंच वाढते. त्यामागचं गणित मात्र सोपं आहे. आवाज किती मोठा ते डेसिबलमध्ये मोजतात. ज्याचं ऐकणं चांगलं आहे त्याला १० डेसिबलचा बारीक आवाजही येतो आणि १००च्या आसपास आवाज असह्य होतो. मधली जागा ऐसपैस. ज्याचं ऐकणं ५०नं कमी झालंय त्याला ऐकू यायला सुरुवातच ५०ला होते. असह्य होण्याची मर्यादा मात्र बहुतेक वेळा तिथंच, १००लाच राहते. जमीन वर आली, छत होतं तिथंच. थोडं हळू बोललं की ऐकू येत नाही, थोडं चढवलं की डोक्यात जातं.

शिवाय ओरडताना आपण वाढवतो ते स्वरच. ‘स’ कितीही ओरडून म्हटला तरी फार मोठा होत नाही, करून बघा. ओरडल्यानं ‘आ’चा डोंगर होतो आणि ‘स’ त्याच्यामागं दडतो. वर चेहरा रागावलेला दिसतो, म्हणजे समोरच्यानं ओठांवरून काही ओळखावं म्हटलं तर तेही गेलं.

आपल्या गावचा गोंगाट

सगळं वयावर ढकलून चालत नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास, ही कानाला सोसणारी हद्द मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी. ८८ला चार तास, ९१ला दोन, १००ला जेमतेम १५ मिनिटं. आता उद्यमनगरातली ग्राइंडिंग मशिनं, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणं), इचलकरंजीतले अहोरात्र धडधडणारे यंत्रमाग यांच्यामध्ये जन्म काढलेल्या माणसांच्या कानांचं काय झालं असेल ते सांगायला नको. अण्णा कानात कापसाचे बोळे घालायचे आणि निर्धास्त असायचे. साध्या कापसानं आवाज फारसा अडत नाही. फोमचे किंवा रबरी इअरप्लग आणि कान झाकणारे मफ यांनी अडतो.

आणि अनंत चतुर्दशीचा महाद्वार रोड. डॉल्बीच्या भिंतीसमोर रात्रभर नाचलेल्या पोरांना सकाळी कानात जे रातकिडे ऐकू येतात, ती केसपेशींची तक्रार असते. दोन दिवसांत थांबली म्हणून सगळं पूर्ववत झालं असं होत नाही. हे मी मंडळाच्या पोरांना सांगून बघितलंय. त्यांनी मला लाडू दिला.

याशिवाय मधुमेह, काही औषधं (जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन), घराण्यातला वारसा यांचाही हात असतो. औषधं मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

कोणाकडे जायचं, आणि कधी धावत जायचं

वयानं येणारा बहिरेपणा दोन्ही कानांत, जवळजवळ सारखा आणि वर्षानुवर्षं हळूहळू येतो. याला सोडून काहीही असेल तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नाही. एकाच कानानं कमी ऐकू येणं, कानातून पाणी किंवा पू, दुखणं, चक्कर, नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधड, यांपैकी काही असलं की आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, रातोरात किंवा दोन-तीन दिवसांत गेलं तर ती तातडीची बाब आहे. त्यावर स्टिरॉइडचे उपचार असतात आणि ते जितक्या लवकर तितके कामाचे. ‘सर्दीनं दडे बसलेत, आठ दिवस बघू’ म्हणण्यात ते दिवस निघून जातात.

काही वेळा सगळा घोळ मळाचा असतो. म्हातारपणी मळ कोरडा, घट्ट होतो आणि नळी बंद करून टाकतो. डॉक्टर पाच-दहा मिनिटांत काढतात. घरी काडेपेटीची काडी, आकडा, कान कोरणं यांनी तो आणखी आत ठोसला जातो. कोमट तेल घालायची आपल्याकडे फार हौस. पडद्याला भोक असेल तर तेच तेल आतपर्यंत जातं, आणि पावसाळ्यात ओलसर कानात बुरशी धरते ती वेगळीच.

कान-नाक-घसा तज्ज्ञ हा डॉक्टर; तो रोग ओळखतो, औषध देतो, शस्त्रक्रिया करतो. ऑडिओलॉजिस्ट ऐकणं मोजतो, यंत्र निवडतो, जुळवतो आणि माणसाला त्याची सवय लावतो. त्यानं बीएएसएलपी किंवा त्यापुढची पदवी घेतलेली असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे त्याची नोंदणी असते. तिसरा असतो यंत्र विकणारा दुकानदार. तो भला माणूस असू शकतो, पण वरच्या दोघांच्या जागी तो चालत नाही. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र दिसलं नाही तर विचारायला लाजू नये. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल त्यांना सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करता येते.

हा फरक आम्ही पैसे घालवून शिकलो. फोनवर जाहिरात बघून माझ्या भावानं तीन हजारांचं ‘कानाचं मशीन’ मागवलं. तपासणी नाही, काही नाही. कानात घालायचं आणि चक्री फिरवायची. आईनं कुकरचं झाकण ओट्यावर ठेवलं आणि अण्णांनी मशीन काढून फेकलं. तो नुसता आवाज वाढवणारा डबा होता. जमीन-छताचं गणित आठवा: सगळंच सारखं वाढवलं तर झाकणाचा आवाज थेट छताला भिडतो. ते मशीन अजून कपाटात आहे, आणि त्यापायी पुढची दोन वर्षं अण्णा कुठल्याच मशीनचं नाव काढू देईनात.

तपासणीची खोली

शेवटी गेलो, ते नातीच्या सांगण्यावरून. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याशी फोनवर बोललं की तुम्ही नुसतं बरं-बरं म्हणता." हे लागलं त्यांना.

आधी दुर्बिणीनं कान बघितला. मग एका छोट्या, गाद्या लावलेल्या भिंतींच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं. अण्णा परीक्षेला बसल्यासारखे ताठ. काचेबाहेरून मला दिसत होतं: सुरुवातीला अंगठा झपाझप हलत होता. मग ऑडिओलॉजिस्टच्या यंत्रावर उंच पट्टीची बटणं दाबली जाऊ लागली आणि अंगठा थांबला. ती आवाज वाढवत होती, वाढवत होती, आणि अण्णा शांतपणे समोर बघत होते. त्यांना वाटत होतं, तपासणी संपली. माझ्या पोटात तेव्हा कालवलं.

या तपासणीचा जो आलेख मिळतो त्याला ऑडिओग्रॅम म्हणतात. तो वाचायला पाच मिनिटांत येतं. डावीकडून उजवीकडे पट्टी चढत जाते, २५० पासून ८,००० हर्ट्‌झपर्यंत, पेटीसारखंच. वरून खाली डेसिबल वाढतात, म्हणजे खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. अण्णांचा उजवा कान: ५०० हर्ट्‌झला २५, १,०००ला ३०, २,०००ला ५० आणि ४,०००ला ७०. जोतिबाच्या डोंगरावरून खाली उतरणाऱ्या रस्त्यासारखी रेघ. डावा कानही जवळपास तसाच. या चारांची सरासरी साधारण ४४. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र, आणि त्यापुढे अतितीव्र. म्हणजे अण्णा ‘मध्यम’. पण सरासरीनं फसू नका. आलेखातले डावीकडचे आकडे चांगले आहेत म्हणून सरासरी बरी दिसते; ‘चहा’चा ‘च’ राहतो तो आलेखाच्या उजवीकडे.

त्यानंतर हाडातून आवाज देऊन बघतात. कानामागच्या हाडावर कंपन दिलं की बाहेरची नळी, पडदा, हाडं यांना वगळून आवाज थेट आत पोचतो. तसं दिल्यावर चांगलं ऐकू आलं तर बिघाड बाहेरच्या भागात, आणि तो बऱ्याचदा दुरुस्त होणारा. हेडफोननं आणि हाडातून, दोन्ही वाटांनी सारखंच कमी असेल तर बिघाड आतला. मग शब्दांची परीक्षा: पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवायचे आणि माणसानं ते परत म्हणायचे. माझ्या मते सगळ्यांत कामाची परीक्षा हीच. आवाज पुरेसा दिल्यावर किती समजतं, यावरून यंत्राचा किती उपयोग होईल याचा अंदाज येतो. कुणी ही न घेताच यंत्राची किंमत सांगायला लागलं, तर उठून यावं.

यंत्र म्हणजे चष्मा नव्हे

चष्मा लावला की त्याच क्षणी स्वच्छ दिसतं. श्रवणयंत्राचं तसं नसतं, आणि अर्धी यंत्रं कपाटात जातात ती ही अपेक्षा चुकल्यामुळे, असं मला वाटतं.

चांगलं यंत्र दोन गोष्टी करतं. जिथं ऐकणं कमी तिथंच वाढवतं. अण्णांच्या बाबतीत खर्जाला हात न लावता वरच्या पट्टीला बळ देतं. आणि बारीक आवाज जास्त वाढवतं, मोठा थोडाच. कुकरचं झाकण पडलं तरी ते छताला भिडू द्यायचं नाही, आणि नातीची कुजबुज जमिनीवर आणायची. हे सगळं ऑडिओग्रॅम बघून संगणकावर बसवतात. त्याहून पक्कं करायचं तर कानात पडद्याजवळ केसासारखी बारीक नळी सोडून आत प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजतात. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ही सोय असलेली जागा मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

दिसू नये म्हणून कानात पार आत बसणारं यंत्र हवं, असा हट्ट बहुतेकांचा असतो. अण्णांचाही होता. ऑडिओलॉजिस्टनं काही न बोलता त्यांच्या हातात त्याची बॅटरी ठेवली. शर्टाच्या बटणाहून लहान. लेथवर हजारो जॉब काढलेला तो हात, आता थोडा कापतो; बॅटरी दोनदा फरशीवर पडली. मग ते स्वतःच कानामागं बसणाऱ्या यंत्राला तयार झाले. म्हाताऱ्या बोटांचा विचार आधी, दिसण्याचा मग. डोळे आणि बोटं दोन्ही अधू असतील तर चार्जिंगवाली यंत्रं मिळतात, रात्री डबीत ठेवली की झालं.

दोन्ही कानांना कमी असेल तर यंत्रंही शक्यतो दोन. आवाज कुठून येतो ते दोन कानांनीच कळतं, आणि रस्त्यावर मागून येणारी केएमटीची बस डावीकडून आहे की उजवीकडून हे कळणं चैनीची गोष्ट नाही. किमती काही हजारांपासून लाखाच्या वर जातात. महागड्या यंत्रात गोंगाट कमी करायच्या सोयी, फोनला जोडणी वगैरे असतं. दिवसभर घरात चार माणसांत असणाऱ्याला त्यातलं बरंचसं लागत नाही. साधं डिजिटल यंत्र नीट जुळवलेलं असलं तर ते न जुळवलेल्या महागड्यापेक्षा बरं.

ज्यांचा बहिरेपणा अतितीव्र आहे आणि यंत्रानंही शब्द कळत नाहीत, त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट असतं. शस्त्रक्रिया करून आत बसवतात. नुसतं वय झालं म्हणून त्याला नकार नसतो. तब्येत झेपणारी हवी. खर्च लाखांत.

पहिला महिना

यंत्र घालून आम्ही घरी आलो. जिना चढताना अण्णा मध्येच थांबले आणि पायाकडे बघायला लागले. "ह्या चपला कवापासनं वाजाय लागल्या?"

कोल्हापुरी चपलेची करकर. उंच पट्टीचा आवाज. कैक वर्षं तो त्यांच्या जगातून गेला होता आणि गेल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

हे सुखाचं वाटतं, पण त्या संध्याकाळी ते हैराण झाले. पंखा, नळ, पेपरची पानं, पिशवीचा चुरचुराट, सगळं एकदम अंगावर आलं. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. मेंदूला या आवाजांची सवय मोडलेली असते. कुठला महत्त्वाचा, कुठला सोडून द्यायचा, हे त्याला परत शिकावं लागतं. त्याला काही आठवडे जातात, कुणाला दोन-तीन महिने. म्हणून सुरुवात घरात, शांततेत. आम्ही सकाळी दोन तास घालायला सुरुवात केली, दर दोन-तीन दिवसांनी वेळ वाढवली. आधी एकाशी एक बोलणं, मग टीव्ही, मग गंगावेशीत दुधाला, आणि लग्नाचा हॉल सगळ्यांत शेवटी. रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावला, म्हणजे स्वतःच्या आवाजाची सवय होते. दोन आठवड्यांनी परत जाऊन भांड्यांचा आवाज टोचतो म्हणून सांगितलं, तो कमी करून दिला. अशा दोन-तीन फेऱ्या होतातच. विकत घेतानाच विचारून ठेवा, फेऱ्यांचे पैसे वेगळे आहेत का.

यंत्र शिट्टी वाजवायला लागलं तर ते बिघडलंच असं नाही. नीट बसलेलं नसतं किंवा कानात मळ साचलेला असतो. ‘बंद पडलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींतही पुष्कळदा टोकाला अडकलेला मळच निघतो. सोबत मिळालेल्या ब्रशनं रोज पुसावं. आपल्याकडचा पावसाळा यंत्रांचा वैरी. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डबीत ठेवायचं. देव्हाऱ्याजवळ किंवा फ्रिजवर ठेवू नका, आणि अंघोळीआधी काढलं का ते विचारा.

घरच्यांचं काम

यंत्र आपल्यापासून दोन-तीन पावलांच्या आतलं बोलणं चांगलं पकडतं. स्वयंपाकघरातून माडीवर मारलेली हाक पकडत नाही. हे आईला पटायला वेळ लागला, कारण तिची ५० वर्षांची सवय.

आम्ही काय बदललं ते सांगते. आधी नाव घ्यायचं, मान वळली की मग बोलायचं. चेहऱ्यावर उजेड हवा. खिडकीकडे पाठ करून बोललं की ओठ दिसत नाहीत. मिक्सर चालू असताना काही महत्त्वाचं सांगायचं नाही. आणि कळलं नाही तर तेच वाक्य तीनदा आपटायचं नाही, शब्द बदलायचे. "चहा झाला का" कळलं नाही तर "चहा घेणार ना, कपभर?" कपानं अर्थ लागतो. सगळ्यांत वाईट वाक्य, "काही नाही, जाऊ दे." आपल्याला किरकोळ वाटतं, ज्याला ऐकू आलेलं नसतं त्याला घरातून बाहेर काढल्यासारखं होतं.

औषधांचं मात्र लिहूनच द्यायचं. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत एका अक्षराचा फरक, आणि इन्सुलिनच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. म्हातारी माणसं डॉक्टरांसमोर सगळ्याला ‘हो’ म्हणतात, परत विचारायची लाज वाटते म्हणून. सोबत जा, किंवा चिठ्ठीवर लिहून घ्या.

स्मरणशक्तीचं काय?

हा प्रश्न हल्ली सगळे विचारतात, आणि यंत्र विकणारे त्याचा धाकही घालतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यांत ऐकणं कमी होणं आहे. पण यंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या अभ्यासात सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे आशेला जागा आहे, हमी नाही. मला विचाराल तर यंत्र लावायला नातीशी फोनवर बोलता येणं एवढं कारण पुरेसं आहे.

पैशांचं

सरकारी मदत आहे, पण ती नीट समजून घ्यायला हवी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. ६० वर्षांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० पर्यंत उत्पन्न असलेल्यांना तीत शिबिरांतून श्रवणयंत्रं मोफत मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि वर्षाला दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये येतात. त्यात नीट यंत्र येत नाही, पण तपासणी आणि मळ काढणं नक्की येतं. त्या पैशांनी आमच्यासारखा डबा मात्र आणू नका. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजनाही आहे. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलचा तोटा लागतो. अण्णा ४४वर, म्हणजे त्यात बसत नाहीत.

शिबिरातून यंत्र मिळालं तर एकच करायचं: ते घेऊन जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे जायचं आणि आलेखाप्रमाणे जुळवून मागायचं. फुकट मिळालेलं यंत्रही जुळवलं तर चालतं.

शेवटची एक युक्ती, आम्हाला ऑडिओलॉजिस्टनंच सांगितलेली. या बॅटऱ्या झिंक-एअर जातीच्या असतात. पाठीवरचा रंगीत कागद सोलला की हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते; सोलल्यावर मिनिटभर तशीच ठेवून मग घालावी. पुन्हा कागद लावून वाचवता येत नाही, म्हणून आधीच सोलून ठेवायच्या नाहीत. अण्णांच्या यंत्राला १३ नंबरची, नारिंगी कागदाची लागते, आठवडा ते दोन आठवडे टिकते. सोललेला कागद ते टाकून देत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत चिकटवतात. या महिन्यात ३ तारखेला एक आहे, १४ला एक, आणि आज २५ला सकाळी त्यांनी स्वतःच उठून तिसरा लावलाय, जरा तिरका.